कामाचे तीन दिवस

शाळाशाळांत तिला मोजणीबाई म्हणत. नाव मुलांनीच पाडलं होतं. वर्गात आल्या आल्या ती आधी मुलं मोजायची, मग फॉर्म, मग पेन्सिली, आणि जाताना हेच सगळं उलट्या क्रमाने. पेन्सिल हमखास एखादी कमी भरायची. मग ती चष्म्यावरून वर्गाकडे बघत गप्प उभी राहायची, आणि कुठल्या तरी दप्तरातून निघून ती पेन्सिल हातोहात टेबलापर्यंत यायची.

काम मात्र पेन्सिलींइतकं हलकं नव्हतं. नववी-दहावीतली मुलं जिवाचं बरंवाईट करून घेत होती, दर वर्षी आधीपेक्षा थोडी जास्त. त्यावर एका संस्थेने शाळांसाठी उपक्रम तयार केला होता. आठ आठवडे, आठवड्याला एक तास. मन जड होतं म्हणजे काय होतं, मैत्रिणीचं वागणं बदललं तर काय करायचं, कुणाशी बोलायचं. शिक्षकांना वेगळं प्रशिक्षण, आणि शाळेत रोज बसणारी एक समुपदेशक. उपक्रम चांगला आहे असं सगळेच म्हणत होते. पण चांगला वाटणं वेगळं आणि त्याने मुलं खरंच वाचतात का हे कळणं वेगळं. ते कळावं म्हणून सोळा शाळा घेतल्या. चिठ्ठ्या टाकून आठ शाळांत उपक्रम सुरू झाला. उरलेल्या आठ शाळांना तो पुढच्या वर्षी मिळणार होता. तोवर तिथल्या मुलांनी फक्त फॉर्म भरायचे, म्हणजे दोन्हीकडची तुलना करता येईल. ही तुलना ज्या छोट्या ऑफिसकडे होती तिथे मोजणीबाई नोकरीला होती. तिच्या वर सर होते आणि तिच्या खाली कुणीच नव्हतं.

फॉर्म बत्तीस प्रश्नांचा. त्यावर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात. सगळा जीव होता तो सत्ताविसाव्या प्रश्नात. गेल्या दोन आठवड्यांत, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटलं का? पुढे चार चौकटी: कधीच नाही, एकदा-दोनदा, बरेचदा, जवळजवळ रोज. शेवटच्या दोन चौकटींत खूण दिसली की नंबरावरून मूल शोधायचं आणि त्याच्यापर्यंत माणूस पोचवायचा. उपक्रमाच्या शाळांत समुपदेशक त्याच दुपारी फॉर्म वाचून काढायची. बाकीच्या आठ शाळांत समुपदेशकच नव्हती. तिथले फॉर्म पाकिटात बंद होऊन मोजणीबाईबरोबर यायचे, आणि तिने ते कामाच्या तीन दिवसांच्या आत वाचायचे असा नियम होता. नियम ठरला तेव्हा तीही बैठकीत बसली होती. मसुद्यात पाच दिवस होते. पाचाचे तीन तिनेच भांडून करून घेतले होते, आणि त्या दिवशी घरी जाताना तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

बत्तिसावा प्रश्न मुलांचा आवडता. अजून काही सांगायचं आहे का? त्याखाली चार रिकाम्या ओळी. गणिताच्या सरांची बदली करा. फॉर्म छोटा करा. पेन्सिल मी घेतली आहे, शोधू नका. मोजणीबाई हे वाचून एकटीच हसायची, आणि घरी गेल्यावर बाबांना सांगायची. बाबा आयुष्यभर छापखान्यात अक्षरं जुळवत आलेले. ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, शुद्धलेखन बरं होतं का?

त्या आठवड्यात पाच दिवसांत पाच शाळा होत्या. पाचवी सगळ्यांत लांबची, तुलनेच्या आठांपैकी. शुक्रवारी नववीच्या चार तुकड्यांचे फॉर्म भरून होईपर्यंत शाळा सुटली. मदतीच्या फोन नंबरची चिठ्ठी प्रत्येकाला द्यायची असे, तीही तिने मोजून दिली. गाडी ऑफिसला परत पोचेपर्यंत ते बंद झालं असतं, म्हणून ड्रायव्हरने तिला परस्पर घरी सोडलं. पाकीट चांगलं जाडजूड होतं. तिने ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ठेवलं.

शनिवारी तिने पडदे धुतले. रविवारी दुपारी बाबा खुर्चीपाशी येऊन म्हणाले, हे उचलतेस का, मला पेपर वाचायला बसायचंय. तिने पाकीट उचलून कपाटावर ठेवलं आणि आत जाऊन झोपली. पाच दिवस गाडीत बसून तिची कंबर धरली होती. सोमवारी आणि मंगळवारी सरांना आधीच्या चार शाळांचे आकडे हवे होते, ते करण्यात दोन्ही दिवस गेले. बुधवार हा तिसरा दिवस. बुधवारी सकाळी ती पाकीट घेऊन ऑफिसात आली, ते टेबलावर ठेवलं आणि कात्री शोधू लागली, तेवढ्यात फोन वाजला.

पाचव्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नववीतली एक मुलगी काल संध्याकाळी गेली, तिने स्वतःच जीव दिला, एवढं त्या एका दमात बोलल्या आणि मग थांबल्या. थांबून म्हणाल्या, "तुमच्या त्या प्रश्नामुळे तर नाही ना हो झालं हे?"

या प्रश्नाचं उत्तर मोजणीबाईला तोंडपाठ होतं. विचारल्याने मुलांच्या डोक्यात ते शिरत नाही, उलट ज्याच्या डोक्यात आधीच आहे त्याला बोलायला वाट मिळते. पालकसभांमधून तिने हे कितीतरी वेळा सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. त्या सकाळी मात्र तिने फक्त नंबर विचारला. मुख्याध्यापिकांनी कपाट उघडून यादी काढली. एकशे अठरा.

फोन ठेवल्यावर तिने पाकीट हातानेच फाडलं. एकशे अठराचा फॉर्म मधेच कुठेतरी होता. अक्षर गोल, सुबक. सत्ताविसाव्या प्रश्नापुढे चौथ्या चौकटीत खूण, पेन्सिल दाबून केलेली. आणि खाली बत्तिसाव्या प्रश्नापुढे एकच ओळ:

हो, सांगायचं आहे. तुम्ही हे कधी वाचणार?

सर आले तेव्हा ती फॉर्म समोर ठेवून बसलेली होती. त्यांनी तो उभ्यानेच वाचला. मग खुर्ची ओढून बसले आणि बोटांवर मोजू लागले. शुक्रवार धरायचा नाही. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. "आपण नियमात आहोत," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची स्वतःची मुलगी दहावीत होती.

त्या दुपारी तिने पाकिटातले उरलेले सगळे फॉर्म वाचून काढले. शेवटच्या दोन चौकटींत खूण केलेली आणखी दोन मुलं निघाली. संध्याकाळच्या आत दोघांच्या घरी माणूस पोचला, आणि दोघंही सुखरूप होती. त्यातल्या एकाची आई दारातच म्हणाली, बरं झालं वेळेवर आलात. सोबत गेलेल्या मोजणीबाईला तिच्याकडे बघवेना.

ती सारखी एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होती: मुलीचा चेहरा. चार तुकड्या, दीडशेच्या वर मुलं, त्यातली एकशे अठरा नंबरची. कुठल्या बाकावर बसली होती, खिडकीपाशी की भिंतीपाशी. फॉर्म देताना आपण तिच्याकडे बघितलं होतं का. तिने प्रत्येक मुलाला मोजलं होतं, म्हणजे हिलाही मोजलं असणार. पण काही केल्या आठवत नव्हतं.

अभ्यासावर देखरेख ठेवणारी सात जणांची समिती होती, तिच्याकडे प्रकरण गेलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. नियम मोडलेला नाही. फॉर्म गोपनीय आहे, परंतु मुलाच्या पालकाने मागितल्यास तो द्यावा.

"आणि त्यांनी मागितलाच नाही तर?" तिने सरांना विचारलं.

"मग द्यायचा प्रश्न येत नाही."

"सर, असा कागद आहे हेच ज्याला माहीत नाही, तो मागेल कसा?"

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "मी तुम्हाला जा असं म्हणू शकत नाही." आणि थोड्या वेळाने, "जाऊ नका असंही म्हणत नाही."

मुलीची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. शाळेच्या कामाचं भेटायचं आहे, एवढंच मोजणीबाईने फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, घरी नको, घरी माणसं येऊन बसतात, कामावरच या. लाँड्री तळघरात होती. आत वाफेचा आणि साबणाचा वास, एका भिंतीला ओळीने फिरणारी मशीनं, मधे लांबलचक टेबल आणि त्यावर पांढऱ्या चादरींचा ढीग. चादर घडी करायला दोघी लागतात, आणि तिची जोडीदारीण त्या दिवशी आली नव्हती. ती एकटीच दोन टोकं हनुवटीखाली धरून कसंबसं निभावत होती. मोजणीबाईने पर्स खाली ठेवली आणि समोरची दोन टोकं धरली. दोघींनी चादर ताणली, जवळ आल्या, टोकाला टोक मिळवलं, पुन्हा मागे गेल्या. अशा सात-आठ चादरी झाल्या.

मग मोजणीबाई म्हणाली, "ताई, त्या शुक्रवारी शाळेत मुलांकडून फॉर्म भरून घेतले ना, ते मी घेतले होते."

आईचे हात थांबले. "तुम्हीच का त्या?"

आईला त्या शुक्रवारचं माहीत होतं. मोजणीबाईला याची कल्पना नव्हती. मुलगी त्या शुक्रवारी घरी येऊन बोलली होती. लहानपणी तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालायचा, म्हणून घरात तिला बडबडी म्हणत. पण गेल्या वर्षभरात बडबडीचं बोलणं आटत आटत हो-नाहीवर आलं होतं. आईने बाहेरची बाधा उतरवणं सोडून बाकी सगळं करून पाहिलं, डॉक्टरलाही दाखवलं. त्यांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. आणि त्या शुक्रवारी मुलगी आपणहून स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, आज शाळेत एक बाई आल्या होत्या, त्यांनी खूप प्रश्न विचारले. कसले, असं आईने विचारलं. म्हणाली, असेच, आपल्याबद्दलचे. त्या रात्री ती पोटभर जेवली.

"मला वाटलं, कसली तरी स्पर्धा असेल," आई म्हणाली. "सोमवारी अर्धा तास आधीच शाळेत गेली. संध्याकाळी मी विचारलं, काय गं, लागला का निकाल? म्हणाली, अजून नाही आल्या त्या. मंगळवारी परत लवकर गेली."

मशीनं फिरत होती. मोजणीबाईने पर्समधून फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला. त्याआधी काय काय सांगायचं ते तिने पाठ करून आणलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. आईने हात ॲप्रनला पुसले, कागद उचलला, अक्षर ओळखलं आणि परत खाली ठेवला. म्हणाली, "तुम्ही वाचा. सगळं वाचा, पहिल्यापासून."

मग त्या तळघरात मोजणीबाईने बत्तीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोठ्याने वाचली. झोप नीट लागते का, कधीकधी. आई म्हणाली, लागायचीच नाही, कूस बदलायची रात्रभर, मला कळायचं. जेवण नीट जातं का, हो. आई म्हणाली, खोटं आहे, डबा अर्धा परत यायचा. शाळेत जायला आवडतं का, हो. चौदावा प्रश्न होता, मनातलं सांगता येईल असं घरी कुणी आहे का? मोजणीबाईने उत्तर वाचलं. हो.

"परत वाचा," आई म्हणाली.

"हो, असं लिहिलंय."

"घरात आम्ही दोघीच होतो."

मोजणीबाई थांबली. आईनेच हाताने खूण केली, पुढे वाचा. एकविसाव्या प्रश्नात होतं, मदतीसाठी फोन करावासा वाटला तर करता येईल का? नाही. आई म्हणाली, फोन एकच, तो दिवसभर माझ्यासोबत इथे. या उत्तराचा अर्थ हाताशी फोनच नाही असा असू शकतो, हे सोळा शाळांच्या अभ्यासात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पुढे सत्ताविसावा आला, तोही तिने वाचला, चौकटीसकट. आई टेबलाची कड धरून उभी होती. शेवटी बत्तिसावा.

ते ऐकून झाल्यावर आईने विचारलं, "मग कधी वाचलंत?"

"बुधवारी सकाळी."

"शनिवारी-रविवारी कुठे होता हा कागद?"

इथे तिला खोटं बोलता आलं असतं. ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद होता असं सांगितलं असतं तर कुणी तपासायला जाणार नव्हतं.

"माझ्या घरी," ती म्हणाली. "आधी खुर्चीवर. मग कपाटावर."

आईने ढिगातली पुढची चादर ओढली. मोजणीबाई टोकं धरायला पुढे झाली, तर तिने मानेनेच नको म्हटलं आणि चादर एकटीने, हनुवटीखाली धरून, घडी केली. घडी वाकडी झाली. ती उलगडून तिने पुन्हा केली. मग फॉर्म चार पदरी दुमडून ॲप्रनच्या खिशात ठेवला.

"तुम्हाला शिव्या द्यायला हव्यात," ती म्हणाली. "पण तिला असं सरळ विचारलं ते तुम्हीच एकट्यांनी. मी आई असून विचारलं नाही. मला भीती वाटायची, विचारलं आणि तिने हो म्हटलं तर?" मग ती म्हणाली, "आता जा. आणि पुन्हा कधी माझ्यासमोर येऊ नका."

मोजणीबाई घरी आली तेव्हा दिवस अजून मावळायचा होता. बाबा चहा टाकत होते. तिने त्यांना तोवर काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं, लाँड्रीपासून मागे जात जात शुक्रवारपर्यंत. बाबांनी गॅस बंद केला. मग म्हणाले, "खुर्ची मी मागितली होती." ती म्हणाली, बाबा, त्याचा काय संबंध. ते म्हणाले, "तिथेच राहिलं असतं तर तुझ्या नजरेसमोर राहिलं असतं." तिने खूप समजावलं. पण त्यानंतर ते त्या खुर्चीवर बसेनासे झाले, पेपर पलंगावर बसून वाचू लागले, आणि तिनेही पुढे समजावणं सोडून दिलं.

अभ्यास संपला. सोळा शाळांचे आकडे एका तक्त्यात आले. उपक्रम काम करत होता, त्यात शंकेला जागा नव्हती. जिथे तो चालला तिथे चौथ्या चौकटीतल्या खुणा निम्म्यावर आल्या होत्या, आणि त्या आठ शाळांत एकही मूल गेलं नव्हतं. तुलनेच्या आठ शाळांच्या रकान्यात एक होतं. सरांनी तक्ता तिच्यापुढे ठेवला आणि तिला कळायला क्षणभर लागला की तो एक म्हणजे ती मुलगी. तो आकडा उपक्रमाच्या बाजूने बोलत होता. बडबडीच्या जाण्याने तक्ता अधिक पटण्यासारखा झाला होता.

ती म्हणाली, "सर, ती आपल्या अभ्यासात होती म्हणून तिने लिहिलं, आणि आपण वाचलं नाही. हे अहवालात आलं पाहिजे, नाहीतर मी सही करणार नाही."

सर म्हणाले, ज्यांना उपक्रम नकोच आहे ते नेमकं हेच पान उघडून दाखवतील आणि सगळंच बंद पाडतील. मग उरलेल्या शाळांतल्या मुलांचं काय? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तिलाही ते दिसत होतं. तरी तिने हट्ट सोडला नाही. चार दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी सरांनी ते पान स्वतः लिहून आणलं. मुलीची ओळख पटेल असं त्यात काही नव्हतं, बाकी सगळं होतं: शुक्रवार, बुधवार, आणि मधले दिवस. पानाच्या शेवटी नवा नियम. फॉर्म ज्या शाळेत भरले त्याच शाळेत, तिथून निघण्याआधी वाचले जावेत. आणि मदतीचा नंबर देण्याआधी मुलाच्या हाताशी फोन आहे का, ते विचारावं.

ते पान कुणीतरी उघडून दाखवलंच. बैठकीत पुष्कळ वाद झाले. पण उपक्रम बंद पडला नाही, आणि पुढच्या वर्षी तो सोळाही शाळांत सुरू झाला.

पाचव्या शाळेतही झाला. जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी करून तिथे समुपदेशकासाठी टेबल आणि दोन खुर्च्या लावल्या. मोजणीबाई फॉर्म घ्यायला गेली तेव्हा आदल्या वर्षीच्या नववीच्या मुली दहावीत होत्या. तिने मुलं मोजली, फॉर्म मोजले. पेन्सिली मोजल्या नाहीत. शाळा सुटली तरी ती आणि समुपदेशक शिक्षकांच्या खोलीत बसून फॉर्म वाचत होत्या. खूण केलेली चार मुलं निघाली. वाचून होईपर्यंत सगळ्यांना थांबवून घेतलं होतंच, त्या चौघांना एकेक करून आत बोलावलं. शेवटच्या मुलीने तासभर तोंड उघडलं नाही. दोघीही तिच्याजवळ नुसत्या बसून राहिल्या. मग तिने पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाली, माझ्या मावशीला बोलावता येईल का? मावशी आली आणि तिला हाताला धरून घेऊन गेली. ती मुलगी आज अकरावीत आहे.

बडबडीने असं का केलं ते कुणालाच कळलं नाही. आईने वह्या पानापानाने चाळल्या, मैत्रिणींना विचारलं, काही हाती लागलं नाही, असं मुख्याध्यापिकांकडून कळलं. मोजणीबाईने पुन्हा लाँड्रीकडे पाऊल टाकलं नाही.

गेल्या महिन्यात बडबडीची आई तिला बाजारात दिसली. भाजीवाल्यापुढे उभी होती, एकटीपुरतं घेत होती, दोन बटाटे, एक कांदा. भाजीवाला म्हणाला असावा, एवढंच? तिने मान हलवली. मोजणीबाई चार पावलांवर होती. ती मागे सरली, औषधांच्या दुकानाच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. आईने पिशवी खांद्याला लावली, सुटे पैसे मुठीत धरले आणि गर्दीतून रस्ता काढत ती बसथांब्याकडे गेली. बस येईपर्यंत बराच वेळ लागला. तोवर मोजणीबाई तिथेच उभी होती. दुकानदाराने दोनदा विचारलं, काय हवंय, बाई?